मोठीच बोट घेऊ

सत्यशीलाने लहानपणी एक होडी उलटताना पाहिली होती. गोदावरीला तेव्हा पूर नव्हता की वारं नव्हतं. बाजारातून परतणारी माणसं काहीतरी बघायला एका अंगाला सरकली आणि होडी कलंडली, एवढंच. तिचा सख्खा मामा त्यात गेला. पुढे लग्न होऊन ती पुण्याला आली. नवरा नागोराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होता, राहायला कारखान्याचंच क्वार्टर होतं. बस पुलावर आली की ती मान फिरवून बसायची.

हिंजवडीत भाताच्या खाचरांवर काचेच्या इमारती चढत होत्या, त्या दिवसांत तिला एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ॲडमिनमध्ये नोकरी लागली. बसगाड्या, कँटीनच्या तक्रारी, नव्या पोरांच्या राहण्याची सोय, वर्षाची सहल, सगळं तिच्या अंगावर. इंग्रजी ती ऐकून ऐकून शिकली. पोरं तिला सत्या मॅडम म्हणायची आणि आजारी पडली की आधी तिलाच फोन करायची. त्यातलाच एक साई. तिच्या माहेरच्या गावचा, गावातला पहिला इंजिनिअर. त्याची आई दर सणाला फोनवर सांगायची, "सत्याताई, लेकराकडं ध्यान असू द्या."

दोन हजार तेराच्या हिवाळ्यात सहलीसाठी मालवण ठरलं. समुद्रात उतरून प्रवाळ बघायचं खूळ तेव्हा नव्यानेच आयटीतल्या पोरांच्या डोक्यात शिरलं होतं. बोटी दोन तऱ्हेच्या मिळत होत्या. एक तर सहा-सात माणसांच्या लहान होड्या, नाहीतर सगळ्यांना एकदम घेणारी दुमजली मोठी बोट; तिच्यावर सावली, गाणी, स्वच्छतागृह, सगळी सोय.

कंपनीतल्या पोरांपैकी आमोद म्हणाला, "मॅडम, लहान होड्याच घ्या. त्या प्रवाळाच्या खडकाच्या अगदी अंगाला जातात. मोठी बोट लांब नांगर टाकते. मग पोहत जा, पोहत या, आणि वर नुसती जत्रा."

आमोद पेठेतल्या शाळामास्तरांचा एकुलता एक मुलगा. टँकवर पोहण्यात लहानपण गेलेलं, याआधी दोनदा समुद्रात उतरलेला. त्याला त्यातलं कळत होतं, हे सत्यशीलालाही मान्य होतं. पण लहान होडी म्हटल्यावर तिला गोदावरीत कलंडलेली ती होडी आठवली. घरी नागोरावांना विचारलं तर ते म्हणाले, "एवढी लोकांची लेकरं नेणार तू. मोठीच घे."

दुसऱ्या दिवशी तिने आमोदला सांगितलं, "मोठीच बोट घेऊ. मला रात्री झोप तरी लागेल."

"तुमच्या झोपेसाठी आम्ही पोहायचं का?" तो हसत म्हणाला आणि तिथेच विषय संपला.

सकाळी समुद्र अगदी शांत होता. बोटवाल्यांची माणसं एकेकाला हाताला धरून खाली नेत, मासे दाखवून वर आणत. ज्यांचं झालं होतं ते तोंडाला नळी लावून आसपास तरंगत होते, काही वरच्या मजल्यावर नाचत होते. दुपारकडे वारा फिरला, पाणी उसळू लागलं. बोटवाला घाई करू लागला, "चला, चला, सगळे वर या."

सत्यशीला खालच्या मजल्यावर कठड्याला घट्ट धरून उभी होती. तिने नावं घ्यायला सुरुवात केली. इंजिनाची धडधड, वर गाणी. ती ओरडून नाव घेई आणि कुठून तरी ओ येई. "आमोद!" ती ओरडली. वरून आवाज आला, "आहे, आहे!" आणि पाठोपाठ हशा. तिने पुढचं नाव घेतलं.

धक्क्यावर उतरल्यावर जेवणाची पानं मांडली, तेव्हा आमोदचं पान रिकामं राहिलं. कोणी म्हणालं, कपडे बदलत असेल. कोणी म्हणालं, आत्ता तर वर होता. त्याची बॅग बोटीवर सापडली, चपलाही सापडल्या. मग लहान होड्या निघाल्या, भरभर, एकामागून एक. सत्यशीला पहिल्याच होडीत चढून बसली. लाटेवर होडी आपटत होती, ती मात्र उभी राहून हाका मारत राहिली. अंधार पडला तसं होडीवाल्याने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छीमारांना आमोद सापडला, खडकापासून बराच दूर, मास्क अजून तोंडावर.

चौकशी झाली. बोटवाल्यावर खटला उभा राहिला. कंपनीने शोकसभा घेतली. सत्यशीलाला कोणी एक शब्द बोललं नाही. उलट साहेबांनी जवळ बोलावून सांगितलं, तुम्ही नावं घेतली होती, तुमची काही चूक नाही. ओ कोणी दिली, हे मात्र कोणालाच आठवत नव्हतं.

तिला आठवत होतं. तेव्हा गडबडीत ध्यानात आलं नव्हतं, पण तो आवाज साईचा होता.

तिने त्याला कंपनीच्या बसथांब्यामागे गाठलं. "तूच ओ दिलीस ना?"

साईचा चेहरा पांढराफटक पडला. "मॅडम, तो माझ्या मागंच बसलाय असं वाटलं हो. कॉलेजात दुसऱ्याच्या हजेरीला देतो तशी दिली. गंमत म्हणून."

"त्याच्या आईबापांना सांगून ये. मी येते बरोबर."

"मला मारून टाकतील."

"मास्तर आहेत ते. ऐकून घेतील."

तो हो म्हणाला. रविवारी ती त्याच्या खोलीवर गेली, तर तो नव्हता. आठवड्याभरात त्याने हैदराबादला बदली मागून घेतली आणि तिचा फोन उचलणं बंद केलं.

मग ती एकटीच आमोदच्या घरी गेली. शरच्चंद्र मास्तरांनी दार उघडलं. "या. आपण याल असं वाटलं नव्हतं. बाकीचे पुष्पचक्र पाठवून मोकळे झाले." आत आमोदची आई, मंदाकिनीबाई, पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. सत्यशीलाने सगळं सांगितलं: आमोद लहान होडी घ्या म्हणाला होता, मोठी तिने निवडली, नावं तिने घेतली, आणि त्याच्या नावाला दुसऱ्याच कोणी ओ दिली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

मास्तरांनी हात वर केला. "नाव सांगू नका. कळलं, तर उरलेलं आयुष्य त्या मुलाचा विचार करण्यात जाईल. मला माझ्या मुलाचा करायचा आहे."

मग मंदाकिनीबाईंनी विचारलं, "लहान होडी असती, तर दिसला असता का हो तो?"

नाही म्हणणं तिला जमलं असतं. मास्तर तिच्याकडे बघत होते, तिने तसंच म्हणावं अशी विनवणी त्यांच्या डोळ्यांत होती. पण ती म्हणाली, "हो. सहा माणसांत जागा रिकामी दिसली असती."

मंदाकिनीबाई उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला. मास्तर दारापर्यंत पोचवायला आले. "एवढं खरं बोलायला कोणी सांगितलं होतं आपल्याला?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते फार थकले होते.

सत्यशीलाने सहलींचं काम सोडलं. नोकरी सोडणं परवडण्यासारखं नव्हतं. एकदा मास्तर तिला येरवड्याच्या बाजूला रस्त्यात दिसले. त्यांनी ओळख दाखवली नाही, तीही थांबली नाही. नागोराव अधूनमधून म्हणत, "मीच तुला मोठी घे म्हणालो होतो."

साईच्या आईचा फोन येत राहिला. लेकरू दोन दिवाळ्या गावाकडे आलं नाही, लग्नाचं नाव काढलं की फोन ठेवून देतं, असं काय झालं असेल, सत्याताई? सत्यशीला म्हणायची, काम फार असतं त्याला. आईला ते पटायचं नाही, आणि ती पुन्हा पहिल्यापासून विचारू लागायची.