पाटीवरचं एक जादा अक्षर

डिझेलच्या टाकीत गाळ साचतो तसे टेम्पोवाल्याकडं किस्से साचतात. मी चौथी नापास. शहाण्यासारखं लिहिता येत नाही आणि ती हौसही नाही. पण दगडूबद्दल लोक काहीबाही बोलतात, म्हणून खरं तेवढं सांगतो. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

दगडू जादूगार. पाटीवर ‘प्रोफेसर डी. कुमार’. नव्वद सालानंतर शाळा, बाजार, जत्रा असे त्याचे खेळ चालायचे. पेट्या आणि कबुतरं वाहायचा टेम्पो माझा. त्याची धाकटी बहीण तापानं गेली होती, देवऋष्याच्या अंगाऱ्यावर ठेवली म्हणून. तेव्हापासून त्याचा एकच नेम. प्रत्येक खेळाआधी हात जोडून सांगायचं, “ही हातचलाखी हाय. मंतर न्हाई, आन् मी कवा मंतर हाय म्हननारबी न्हाई.”

लोक हिरमुसायचे. मी म्हणायचो, अरे, हलवाई कधी पेढ्यात निम्मी साखर हाय म्हणून ओरडतो का? ऐकेल तर शपथ!

*

नवी पाटी नगरहून रंगवून आणली. खाली इंग्रजीत ‘मॅजिक’. मिरजगावात एका मास्तरांनी ती वाचली आणि चष्मा वर केला. शेवटी एक अक्षर जादा होतं म्हणे. पेंटरनं कुठल्या विलायती पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून उतरवलं असणार. मास्तर म्हणाले, तिकडचे मंत्र-तंत्रवाले आपल्या जादूला शेवटी एक ‘के’ जोडतात. खेळवाल्यांत आपली गणती होऊ नये म्हणून.

दगडूचं तोंडच उतरलं. तिथंच डबा मागवून त्यानं त्या अक्षरावर काळा रंग फासला.

मास्तरांनी ही गंमत चहाच्या टपरीवर सांगितली. दुसऱ्या दिवशी तंबूबाहेर सात माणसं लिंबं घेऊन उभी. एक म्हातारी दगडूला म्हणाली, “बाबा, तू झाकून ठिवलंस म्हंजे लई जालीम आसंल.”

*

सोनईत एकजण म्हैसच घेऊन आला. महिनाभर दूध देत नाही, कुणीतरी करणी केली, उतरवा. दगडू त्याला जनावरांच्या डॉक्टरकडं पाठवत होता, तो हलायला तयार नाही.

आमचा टेम्पो दोन दिवस त्याच्याच गोठ्याशेजारी उभा होता. माझी सहनशक्ती संपली. म्हटलं, “करनी तुज्या भावाची हाय. रोज पहाटं दुधाची चरवी घिऊन करतोय.”

*

जामखेडला उन्हाळ्यात खेळ. दगडूचा एक तांब्या होता, कितीही ओतला तरी परत भरलेला. त्या दिवशी टाळ्याच पडल्या नाहीत. खेळ संपला आणि बघतो तर बाया हंडे घेऊन रांगेत.

दगडू म्हणाला, ताई, आत दुसरा कप्पा हाय, पानी मी मिरजगावास्नं आनलंय. पहिली बाई म्हणाली, “आनलंय न्हवं? मंग वता.”

टेम्पोतलं पिंप रिकामं होईपर्यंत ओतलं. परत येताना रेडिएटरला घालायला थेंब नव्हता. शिव्या मी दिल्या, तो हसत होता.

*

आता माझ्या घरचं. आमच्या मंडळीला, रखमाला, कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर यायची. कुणाकडून तरी काविळीची माळ आणली होती. ही माळ मुळ्यांच्या तुकड्यांची, डोक्यावर ठेवतात. रोज वाढत वाढत खाली उतरते, पायापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. दगडूनं मला मागंच सांगितलं होतं, ओल्या मुळ्या वाळून आकसतात, दोरा सैल पडतो, म्हणून माळ वाढते. “माळ वाळती, आन्ना, रोग न्हाई.”

माळ कंबरेपर्यंत आली होती. रखमा खूश. आणि पोटात पाणी ठरत नव्हतं, मधूनच बरळत होती.

दगडू आला. तिच्या कंबरेशी लोंबणारी माळ बोटानं चाचपून बघितली. मग म्हणाला, “वैनी, ती माळ कच्ची हाय. मी मंतर घालून दुसरी देतो.”

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

टेम्पोत बसून त्यानं वाळक्या काड्या नायलॉनच्या दोऱ्यात गच्च गाठी मारून ओवल्या. जुनी काढून ही माळ तिच्या डोक्यावर ठेवली आणि सांगितलं, दुपारपर्यंत खाली उतरली तर मी बरं करीन. अडली तर गुण डॉक्टरच्या हातचा, मग घरी बसायचं न्हाई.

दुपारी माळ होती तिथंच. रखमा स्वतःच भिंतीला धरून उठली. “चला. आडली.”

पंधरा दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर हातची गेली होती. मग ती माळ दिसली आणि माझ्यावर ओरडले. मी खरं ते सांगितलं. त्यांनी माळेची एक गाठ ओढून बघितली.

रखमानं घरी येऊन सगळ्या गल्लीत सांगितलं, गुण माळेचा. दगडूच्या दारात पिवळ्या डोळ्यांची माणसं येऊ लागली. तो आधी चिडायचा, मग खाली मान घालून काड्या ओवायला बसायचा. एकही माळ वाढली नाही. सगळी माणसं दवाखान्यात.

पावसाळा सरता सरता डॉक्टरांनी मला आत बोलावलं. टेबलावर टाके घालायच्या नायलॉन दोऱ्याचं नवंकोरं रीळ ठेवलं.

“हे प्रोफेसरांना द्या. म्हणावं, बाजारातल्या दोऱ्याचा भरवसा नाही.”