तिसऱ्या दिवशीची अर्धी भाकर

आईच्या आजारपणाची वही मी पहिल्या दिवसापासून ठेवली. वजन, ताप, उलट्या, काय खाल्लं, किती वाजता. केमोचे तीन डोस झाले. लोणारहून संभाजीनगरला तिन्ही वेळा मीच घेऊन गेले. शाळेतल्या क्लार्कच्या नोकरीतल्या माझ्या रजा त्यातच संपल्या. चौथ्या डोसाला आई म्हणाली, आता येत नाही. मी आठवडाभर समजावलं. वही उघडून दाखवलं की दर वेळी दोन दिवस अन्न जात नाही, तिसऱ्या दिवशी जातं. तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मग पुण्याहून धाकटी बहीण आली. ती कॅन्सरच्या प्रयोगशाळेत काम करते. माणसाच्या गाठीतल्या पेशी उंदरांना टोचायच्या, गाठ कशी वाढते ते मोजायचं, ती फुफ्फुसात कधी पसरते ते बघायचं. ती हे सांगत होती ते आईनं कान देऊन ऐकलं; असं माझं कधी ऐकलं नव्हतं. तिचे उंदीर बिनकेसांचे असतात म्हटल्यावर आईनं डोक्यावरचा रुमाल चाचपला.

"औषधानं गेले का त्याइचे केस?"

"नाही, जन्मापासूनच नसतात."

"अन् भूक? भूक लागते त्याइले?"

"औषध दिलं की दोन दिवस कोपऱ्यात बसून राह्यतात. तिसऱ्या दिवशी खातात."

आईनं रुमाल नीट बांधला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग चाल, जाऊन येऊ."

माझी वही फडताळातच होती. उंदरांचं पटलं, माझं नाही. वर आईनं ज्वारीच्या कोठीजवळचा पिंजरा काढायला लावला. बिचारे आपल्यापायी भोगून राह्यले, म्हणे. पिंजरा मी काढला. पुढच्या आठवड्यात ज्वारीचं एक पोतं कुरतडलेलं निघालं, तेही मीच शिवलं.

चौथा डोस झाला. तिसऱ्या दिवशी आईनं अर्धी भाकर आणि मुगाचं वरण खाल्लं. ताट मी वाढलं होतं, समोर मी बसले होते. हात धुतल्या धुतल्या तिनं फोन मागून घेतला आणि बहिणीला सांगितलं, "तुह्या उंदरावानीच झालं पाह्य."

बहीण खूश झाली. तिनं फोन मला द्यायला लावला. "ताई, नक्की किती वाजता खाल्लं गं?"

वही मांडीवरच होती. सव्वाअकरा, असं नुकतंच लिहिलं होतं.

"लक्षात नाही," मी म्हणाले.