बाराव्या पडद्यापुढचे अंतर

हे मी आजवर कोणाजवळही बोललेले नाही. आईजवळ नाही, वसतिगृहातल्या मैत्रिणींजवळ नाही — आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवे होते त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणे सोपे जाईल अशी माझी समजूत होती. ती चुकली. या परिच्छेदाच्या जागी मी आधी हवेतल्या ध्वनीच्या वेगाविषयी लिहिले होते, नीटनेटके, निर्दोष. ते खोडून टाकले. अवघड जागा आली की मी विज्ञानात शिरते. ही सवय जुनी आहे, आणि जे घडले त्यात तिचा वाटा मोठा आहे.

माझा मोठा भाऊ. आम्ही घरात त्याला नुसते भाऊ म्हणतो. बारावीनंतर शिक्षण सोडून तो जळगावातल्या एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत लागला. रावेरकडून केळीचे ट्रक येत, त्यांच्या पावत्या फाडायचे काम. ट्रकवाल्यांना तेव्हा दोन-तीन सुरांच्या भोंग्यांची हौस होती. लांबून भोंगा वाजला की भाऊ तो गुणगुणे, आणि मित्राकडून मागून आणलेल्या सहा तारांच्या गिटारीवर नेमका तोच सूर काढून दाखवी. ड्रायव्हर हसून म्हणत, “ओ मास्तर, आमची गाडी आता तुमच्या घरातूनच सुटते की काय!” कोणी शिकवले नव्हते. त्याला ते यायचे, एवढेच.

आणि मी? मी एम.एस्सी. करत होते. भौतिकशास्त्र. आमच्या खानदानात मुलीने असे काही केले नव्हते, त्यामुळे घरात एक विचित्र रिवाज पडून गेला होता — कोणतीही वस्तू घ्यायची तर मला दुकानात न्यायचे. टेबलफॅन, शिलाई मशीन, शेजारच्या काकूंची इस्त्रीसुद्धा. मी वस्तू उलटसुलट करून बघायची, एखादा प्रश्न विचारायची, दुकानदार गडबडायचा आणि आबा, माझे वडील, अभिमानाने म्हणायचे, “मीनानं बघितलं ना? मग झालं.” मला ते आवडत असे. किती आवडत असे, हे आता लिहितानाही मी पुरते कबूल करत नाही आहे.

भाऊने गणपतीत धुळ्याला एका ऑर्केस्ट्रात बारा तारांची गिटार ऐकली आणि तो वेडा झाला. सहा तारा, आणि प्रत्येकीला चिकटून एक जोडीची तार. खालच्या तारांना वरच्या सप्तकाची, वरच्यांना त्याच सुराची. सूर एकच, पण त्याच्यामागे चांदणे पडल्यासारखा. तो ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या नानांनी त्याला सांगितले होते, बारा तारांची घेऊन ये, हात बसव, लग्नसराईत तुला ऐकतो. ऐकले आणि आवडले, तर मंडळीत जागा. भाऊला आयुष्यात दुसरे काही हवे होते असे मला आठवत नाही.

आम्ही धुळ्याच्या एका दुकानात गेलो. बँडवाल्यांची वाद्ये, ढोलकीची कातडी, हार्मोनियमचे भाते, आणि भिंतीवर आमच्या ऐपतीत बसणाऱ्या दोनच बारा तारांच्या गिटारी. एक जुनी, वापरलेली, ओरखड्यांची. दुसरी कोरी, कडेला काळी आणि मध्याला मधासारखी होत गेलेली. भाऊने जुनी हातात घेतली, थोडी वाजवली आणि म्हणाला, “ही खरं बोलते.” मग नवी घेतली. खाली छान वाजली. वरच्या पडद्यांवर, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या धातुपट्ट्यांवर, गेल्यावर तो थांबला, मान तिरकी करून पुन्हा वाजवली. “मीना, इथं काहीतरी खटकतंय.”

त्याला ऐकू आले होते. दुकानात, पहिल्याच क्षणी, रस्त्यावर ट्रक घरघरत असताना — त्याला ऐकू आले होते.

मी काय केले? मी व्याख्यान दिले. बारा तारांचा एकत्रित ताण सहा तारांच्या जवळपास दुप्पट असतो; जुन्या गिटारीची पेटी घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या खालच्या पट्टीच्या, मागे फुगली आहे; हा ताण ती फार काळ सोसणार नाही. नवीचा दांडा सरळ आहे, लाकूड सपाट आहे. खटकते कारण तारा कोऱ्या आहेत. ताणल्या की बसतील. यातले प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे खरे होते. मजबुती मी तपासली. लांबी तपासली नाही. प्रयोगशाळेत लांबीप्रमाणे सूर कसा बदलतो ते दाखवणाऱ्या सोनोमीटरच्या तारेखाली पाचर सरकवत ज्या मुलीने दोन वर्षे काढली, तिला तारेची लांबी मोजायचे सुचले नाही. भाऊने एकदा जुन्या गिटारीकडे पाहिले. मग म्हणाला, “तू म्हणतेस तर हीच.”

इथवर जे झाले ती चूक होती. चुकीसाठी मी तुम्हाला बसवून घेतले नसते.

पुढचे काही महिने आमच्या घरात एक न संपणारी खटपट चालू राहिली. मोकळ्या तारा भाऊ शेजारच्या हार्मोनियमशी जुळवी. त्या तंतोतंत जुळत. बोट ठेवले की सूर चढा. जितके वर जावे तितका अधिक चढा. दाबलेले सूर जुळवले तर मोकळे उतरत. सहा तारांच्या गिटारीत जी गोष्ट कदाचित लपली असती ती जोडतारांमुळे उघडी पडे; सगळे वाद्य आंबल्यासारखे वाजे. त्याला वाटले, आपण बोट फार जोरात दाबतो. त्याने हलके दाबून पाहिले. मग वाटले, तारा निकृष्ट असतील; त्याने मुंबईहून दुसऱ्या मागवल्या. बोटांच्या टोकांना चिरा पडल्या, त्यांवर तो हळद लावी, आणि पिवळ्या बोटांनी पावत्या फाडायला जाई. मी म्हणायचे, जळगावचे ऊन आहे, लाकूड तापते, तारा सैल होतात. हेही खरे होते. अशी खरी वाक्ये माझ्याकडे पुष्कळ होती.

एका दुपारी तो कामावर असताना मी गिटार मांडीवर घेतली आणि मीटरपट्टी लावली. तत्त्व शाळकरी आहे: तार बरोबर अर्ध्यावर धरली की सूर दुप्पट उंचीचा होतो. म्हणून दांड्याच्या टोकाशी तारा जिथे टेकतात तिथपासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढे अंतर, तेवढेच — खरे तर केसभर जास्त — बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत हवे. इथे ती अर्ध्या बोटाइतकी अलीकडे चिकटवलेली होती. पट्टी उचलली, पुन्हा लावली. तेवढेच भरले.

म्हणजे या वाद्यावर जगातला कोणताही माणूस सुरात वाजवू शकला नसता. उपायही समोर दिसत होता. घोडी उखडायची, थोडी मागे सरकवायची, पुन्हा चिकटवायची. सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम.

त्याच आठवड्यात पुण्याला संशोधनासाठी माझी निवड झाली होती. गल्लीत पेढे वाटले गेले होते. आबा भेटेल त्याला सांगत होते. ही परिस्थिती मी केवळ नोंदवते आहे. तिला कारण म्हणू नका. संध्याकाळी भाऊ आला, कोपऱ्यात पट्टी पाहिली आणि चप्पल न काढताच उंबऱ्यात उभा राहिला. “मोजलीस? सापडलं काही?”

त्याच्या चेहऱ्यावर आशा होती. दोष सापडावा अशी आशा — तुम्ही कधी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिली आहे?

मी म्हणाले, “नाही. गिटार अगदी बरोबर आहे, भाऊ.” आणि तो अजून उंबऱ्यातच उभा होता म्हणून पुढे म्हणाले, “कान तयार व्हायला वेळ लागतो.”

हे ते वाक्य. त्याच्या कानाबद्दल घरात, गल्लीत, कचेरीत कधी कोणी शंका घेतली नव्हती. ती पहिल्यांदा मी घेतली. तो कान अचूक आहे याचा पुरावा माझ्या हातात असताना.

लग्नसराईच्या तोंडावर नानांनी बोलावले. मीही गेले. धुळ्यात एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत मंडळी बसली होती: कीबोर्डवाला, ढोलकीवाला, गाणारी एक अक्का. भाऊने सुरुवातीला नुसत्या मोकळ्या तारांवरून हात फिरवला आणि अक्काने चहाचा कप खाली ठेवला. तेवढा एक क्षण त्याचा होता. मग गाणे वर गेले. अक्का गाता गाता थांबली. कीबोर्डवाल्याने आपला सूर दाबून धरला, पुन्हा पुन्हा दाखवला. ढोलकीवाला अहिराणीत म्हणाला, “बारा तारा नि बारा सूर! वरात कोनता सूरमा काढवी, नाना?” सगळे हसले. भाऊही हसला.

नाना हसले नाहीत. त्यांनी गिटारीकडे बोट दाखवून विचारले, “बाजा तरी ठीक शे ना रे?”

भाऊ उत्तरला, “माझ्या बहिणीनं तपासलाय, नाना. एम.एस्सी. आहे ती.” त्याही स्थितीत त्याच्या आवाजात आबांचा अभिमान होता. खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

नानांचा प्रश्न सरळ होता. माझी पर्स माझ्या मांडीवर होती, तिच्यात एक मोजपट्टीसुद्धा होती. मी म्हणाले, “हो. ठीक आहे.”

नानांनी भाऊच्या खांद्यावर हात ठेवला. “हात तुना गोड शे, भाऊ. पन तुले कान नही. कानबिगर काय करशी?”

परतीच्या बसमध्ये पारोळ्याला त्याने माझ्यासाठी खिडकीतून चहा आणून दिला. बस सुटल्यावर म्हणाला, “तू मोजलीस ते बरं झालं, मीना. नाहीतर जन्मभर गिटारीला नावं ठेवत बसलो असतो.”

मी चहा प्यायले.

त्यानंतर त्याने तारा काढून टाकल्या आणि गिटार चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली. एवढेच झाले असते तर कदाचित — पण तेवढेच झाले नाही. तो भोंगे गुणगुणायचा थांबला. आरतीला ओठ हलवू लागला, आवाज काढेनासा झाला. पुढे लग्न झाल्यावर, रेडिओवर काही आवडले तर आधी बायकोकडे पाही, तिला आवडले का ते. एका सुरापुरती मी शंका पेरली होती. ती त्याने सगळ्या ऐकण्यावर पसरू दिली. आणि मी? मी पुण्याला गेले. मोजमापातल्या त्रुटींवर मी चांगले काम करते असे म्हणतात.

गेल्या दिवाळीत मी जळगावला होते. भाऊची मुलगी, सहा वर्षांची, शाळेतली प्रार्थना म्हणून दाखवत होती. दुसऱ्या ओळीत एक सूर चढला. अगदी थोडा, मला जेमतेम जाणवावा इतका. भाऊ फराळाचे ताट ठेवत होता. त्याचा हात थांबला आणि मान तिरकी झाली — दुकानात झाली होती तशी. इतक्या वर्षांनी, ट्रकच्या धुरात आणि पावत्यांत, तो कान शाबूत होता. मी तो पाहिला.

मग त्याला स्वतःचीच शंका आली. त्याने माझ्याकडे पाहिले. मुलगीही थांबून त्याच्याकडे बघू लागली, तेव्हा तो तिला म्हणाला, “मला नको विचारू, बाळा. मला सुरातलं कळत नाही. आत्याला विचार.”

मुलगी माझ्याकडे वळली. माळ्यावरची चादर मला बसल्या जागेवरून दिसत होती. सूर चढला, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. भाऊला तेवढ्यावरून सगळे कळले असते.

“बरोबर म्हणालीस,” मी म्हणाले.

भाऊने मान हलवली आणि चकलीचा डबा उघडला. मुलीने प्रार्थना पुन्हा सुरुवातीपासून म्हटली. तो सूर पुन्हा तिथेच चढला. या वेळी भाऊचा हात थांबला नाही.