चुलत्याच्या छातीइतकं दार

आमच्या छपराचं दार माझ्या चुलत्याच्या छातीइतकंच उंच होतं. चुकून नव्हे हो, आईनं ते सुडापोटी तसं ठेवलं होतं.

बाप वारला, तेरावा झाला आणि चुलत्यानं आमची भांडी माळवदाच्या घरातून अंगणात आणून टाकली. "रांडमुंड बाईला माळवद कशाला? छपरात ऱ्हायाची लायकी तुजी," असं चारचौघांत बोलला. आई रडली नाही. जेऊरच्या शिवेला आमच्या वाट्याचा मुरमाड तुकडा होता, तिथं तिनं मेढी रोवल्या, तुराट्यांचा कूड विणला, शेणमातीनं लिंपला. गवताचं छप्पर आधी जमिनीवरच बांधायचं आणि मग ते मेढींवर चढवायला घरटी एक माणूस खांदा द्यायला येतो. भांडण असलं तरी येतो, तशी रीतच आहे.

म्हणून चुलताही आला. पण खांदा कसला देतोय! पुढच्या मेढीला टेकून मिशीत हसत राहिला. आई त्याला डोळ्यांनी मोजत होती. तो गेल्यावर तिनं मेढीवर विळ्यानं खूण केली आणि दाराचं आडवं लाकूड तिथं बांधायला सांगितलं.

शेजारचा म्हातारा म्हणाला, "वैनी, म्हस बी शिरायची न्हाय की यातनं!"

"म्हशीसाटी कुटं करतीया? त्यो येणार एक दिस. माज्या दारात मान खाली घालून येणार."

नऊ वर्षं आमच्याच कपाळांना टेंगळं आली. मी त्या दाराला लई शिव्या घातल्या. चुलता अधूनमधून वाटेनं जायचा. आई गोड आवाजात म्हणायची, "आत या की भावजी, चा टाकते." तो अंगणातूनच म्हणायचा, "हितंच बरा हाय." त्यालाही कळलं होतं, मेल्याला.

मग त्याच्या लेकांनी त्याच माळवदाखालून त्याला बाहेर काढलं. भर दुपारी गाठोडं घेऊन तो आमच्या वाटेला लागला. "आई, आला गं!" मी ओरडले. आई चुलीपुढून उठली, हात पुसले आणि दारासमोर बसली.

तो सरळ आत आला. मान लववायची गरजच पडली नाही. पाठीचा पार कणा वाकला होता, डोक्याला पटका नव्हता, आणि ते लाकूड त्याच्या टकलाच्या वरच राहिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षं फुकट!

आईनं त्याला भाकरी वाढली. जेवून तो विहिरीवर अंघोळीला गेला, तशी ती म्हणाली, "विळा आण. लाकूड हातभर खाली घे."

मी घेतलं. कीव आली नाही, आजही येत नाही.

तो परत आला, दाराशी थांबला. लाकडाकडं बघितलं, आईकडं बघितलं. मग गुडघे टेकून रांगत आत आला.

"या भावजी," आई म्हणाली.