मासा घेताना मी विचारलेला प्रश्न

दोस्तांनो, सकाळपासून कामात मन लागेना, म्हणून इथं लिहितोय.

अहमदपुरात माझं टायर रिमोल्डिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं दुकान आहे. जुनं टायर घासलं की रबराचा काळा भुसा पडतो. रोज सकाळी पाण्याचा पाइप लावून तो नाल्यात सोडायचा, असाच आमचा रिवाज. नाला पुढं तळ्याला मिळतो, आणि बाजारातली मासळी त्याच तळ्यातली. टायरमधली रसायनं माशांना बाधतात, हे मी मोबाइलवर मागंच वाचलं होतं.

आजही भुसा धुतला आणि बाजारात मासळी आणायला गेलो. मासे विकणाऱ्या मावशीला नेहमीसारखं विचारलं, "नाल्याच्या तोंडाजवळचा न्हाई ना?"

आज पहिल्यांदाच तिनं उलट विचारलं, "का हो भाऊ, तिथं काय हाय? आमच्या घरी तोच खातेत."

"काही नाही, सहज विचारलं," म्हणालो आणि मान खाली घालून निघालो.

दुपारचा भुसा मी कोरडाच झाडून पोत्यात भरला. पाइप गुंडाळून ठेवला. मावशीला मात्र अजून खरं सांगितलेलं नाही.

टायरचं काम करणाऱ्या भावांनो, तुमचा भुसा कुठं जातो? आणि तुम्ही मासा कुठला खाता?