मास्तर किती वाजता गेले

हैदराबादेत घड्याळं पुष्कळ आहेत, पण वेळ एकट्या माझ्या मामांना कळते. रेल्वेचं वेळापत्रक ते कादंबरीसारखं वाचतात, म्हणजे करमणूक म्हणून. सुलतान बाजारातल्या एका लग्नात भटजींनी अंतरपाट धरला, तर मामांनी ‘अजून चार मिनिटं आहेत’ म्हणून नवरा-नवरीला हार उचललेल्या हातांनी असं उभं ठेवलं, की नवरदेवाचे खांदे पहिल्या बारशापर्यंत दुखत होते. माझी जन्मवेळसुद्धा त्यांना मान्य नाही. म्हणतात, ‘तुझ्या आईचं त्या वेळी घड्याळाकडे लक्ष नव्हतं.’

त्यांची खरी कर्तबगारी म्हणजे नळाची वही. अंबरपेठेत त्या काळी गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ निघत होते, अमेरिका दिवाणखान्यात आली होती, पण नळ मात्र एक दिवसाआड आणि मनाला येईल तेव्हा. मामी पाणी भरत, संध्याकाळी कचेरीतून आलेल्या मामांना वेळ सांगत आणि मामा ती लिहीत. बारा वर्षांची वही. आम्ही पोटभर हसायचो.

मामांच्या वरच्या मजल्यावर ड्रॉइंगचे एक मास्तर आणि वहिनी राहत. एकदा मास्तर चित्र रंगवत बसले आणि पाणी भरायचं विसरले. तिसऱ्या दिवशी सकाळी घरात टिपूस नाही. वहिनी भडकल्या, ‘राहा या कोरड्या घरात एकटेच,’ म्हणाल्या आणि बेगम बाजारात भावाकडे निघून गेल्या. पाचला परतल्या तेव्हा दाराला नुसती कडी होती. मास्तर नव्हते, ते आजतागायत नाहीत. पोलिसांनी लिहून टाकलं : भांडण होऊन नऊच्या सुमारास निघून गेले. गल्लीनं तेच धरलं आणि वहिनींनीही. चार वर्षं त्या मान वर करून बोलल्या नाहीत.

शेवटी घर सोडून त्या भावाकडे कायमच्या निघाल्या. निरोप घेताना मामींना म्हणाल्या, “त्या दिवशी तुम्ही माझं पाणी भरून ठेवलं होतं, ते विसरणार नाही.” आमच्याकडे शेजारीण घरात नसली की तिचं पाणी आपण भरायचं आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अशी रीत. त्यामुळे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मामींचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्या चक्क विसरल्या होत्या आणि लाजेनं गप्प राहिल्या होत्या.

“मी नाही हो भरलं,” मामी म्हणाल्या.

मामा वहीकडे असे धावले, की वाटेतलं तुळशीवृंदावन थोडक्यात बचावलं. पान सापडलं : नळ दुपारी दोन दहा ते पावणेतीन. म्हणजे पावणेतीनपर्यंत मास्तर घरात होते, हंडे भरत होते.

वही काखोटीला मारून मामा ठाण्यावर गेले, मी मागोमाग. इन्स्पेक्टर हसला. “पंतुलू,” पंतांना तेलुगूत म्हणतात तसं तो म्हणाला, “गया सो आदमी नौ बजे गया तो क्या, तीन बजे गया तो क्या?”

जन्मभर साहेबांपुढे वाकलेले माझे मामा त्या दिवशी चारमिनारएवढे उंच दिसले. “आप कू नहीं पडता फरक,” ते म्हणाले. “उनकी बीवी कू पडता.”

इन्स्पेक्टरनं हसणं थांबवलं, जुनी फाईल मागवली आणि नव्या ओळीत नवी वेळ लिहिली. स्वतःच्या दुप्पट वजनाचा चोर पकडतानाही तो त्या एका ओळीइतका घामाघूम झाला नसेल.

मामांनी जिन्यात थांबलेल्या वहिनींना सगळं सांगितलं.  वहिनी म्हणाल्या, “गाळून भरलं होतं हो. घागरीच्या तोंडाला फडकं बांधलं होतं.” आणि मग, “पावणेतीन म्हणजे भर उन्हात गेले. कशाला गेले असतील?”

मामांनी वही मिटली. ते जिन्यात वहिनींच्या शेजारी नुसते बसून राहिले, आणि किती वेळ बसलो ते त्यांनीही पाहिलं नाही.