नारळांसकट घाट

माझी लेक नवऱ्यासोबत फ्रान्सात राहते, दोन वर्षं झाली. जावई माणूस चांगला, पण सायकल म्हटलं की त्याचा गुडघा दुखतो. म्हणून लेकीनं ठरवलं, सुट्टीत आईला बोलवायचं आणि दोघींनी तिथल्या डोंगरातल्या खेड्यांतून सायकलीवर गोल फेरी मारायची. मी आमच्या भूमजवळच्या वाशीत रोज शाळेत शिकवायला सायकलनं जाते, तेवढ्या भांडवलावर हो म्हणून बसले.

मग तिनं फोनवर नकाशा पाठवला. खाली चढउतार काढले होते, करवतीला दात असतात तसे.

"अगं बाई! हे माणसांनी चढायचं?" मी म्हटलं. मग बोट ठेवून विचारलं, "दुपारी जेवायला थांबायचं ते गाव कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे?"

"आपलं कोण आहे तिथं?"

"कुणी नाही, आई. दुकानातून पाव घ्यायचा आणि झाडाखाली बसून खायचा."

मला काही ते पटलं नाही. एवढे डोंगर चढायचे आणि पाव खायचा?

लेक लई कडक. तिनं अट घातली: आधी इथं एक फेरी करून दाखव. वाशीहून ईट, तिथून भूम, आणि घाट चढून परत वाशी. तेही दिवस मावळायच्या आत, आणि सायकल ढकलायची नाही. "जमलं तर डोंगर. नाही जमलं तर तुला गाडीत बसवून शहर दाखवीन."

गाडीत बसवून! जशी काय मी पापडाचा डबा. दोन वर्षं लेकीला फोनच्या काचेत बघत होते मी. मला तिच्या शेजारून सायकल चालवायची होती, बस्स.

थांबे मीच आखले. ती म्हणाली होती, सावली बघून पाणी पी. आता सावली कशाला शोधायची? ईटला माहेर, पुढं वस्तीवर मावशी, भूमला नणंद. आपल्या माणसाचं दार सोडून झाडाखाली बसलं तर उद्या तोंड दाखवायची सोय राहील का? आणि इथंच माझं गणित चुकलं.

ईटला वहिनीनं सायकल हातातून काढूनच घेतली. "वन्सं, उन्हाचं कुठं निघालात? आधी हातपाय धुवा."

"वहिनी, मला दिवस मावळायच्या आत घाट चढायचाय."

"मावळू द्या की. उद्या उगवंल."

गरम धपाटे झाले, दही झालं, चहा झाला. मी हेल्मेट घातलं तर वहिनी ताट घेऊन पुढ्यात. "माहेरवाशीण मोकळ्या ओटीनं जाती व्हय? पदर न्हाय तर ओढणी पसरा." पसरली. खण, तांदूळ, नारळ. हेल्मेट वर सरकवून कुंकू लावलं, ते घामानं नाकावर उतरलं.

मावशीनं नारळ दिला तो खास थोरला निवडून. आणि नणंदेला तर फोन आधीच पोचलेला. तिच्याकडं पुरण शिजत होतं. मी घड्याळ दाखवलं, तर तिनं मला पाटच दाखवला. निघताना तिनं दोन नारळ ओटीत घातले. "वैनी, तुमच्या माहेरापेक्षा आमी कमी न्हाय."

घाटाच्या पायथ्याशी आले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. मागच्या पिशव्यांत नारळ एकमेकांवर आपटत होते. ओटीचा नारळ वाटेत टाकता येतो का? मग काय, बसा बोंबलत. पहिल्या वळणावर वहिनीला शिव्या दिल्या, दुसऱ्यावर मावशीला, नणंदेसाठी तर सगळा वरचा चढ राखून ठेवला होता. मांड्या पेटल्या होत्या, पोटात पुरणपोळी जड झाली होती. पण उतरले नाही. ढकलली नाही.

वाशीत शिरले तर घराघरात दिवे लागलेले. नवरा दारात उभा. माझं कुंकवानं माखलेलं नाक बघून म्हणाला, "लग्न लावून आलीस का कुणाचं?" मला इतकं रडू आलं, की त्याच्या हातातला पाण्याचा तांब्या मी नुसता धरूनच बसले.

तेवढ्यात लेकीचा फोन. मी डोळे पुसले आणि सांगून टाकलं, "उशीर झाला. दिवस मावळला."

"का पण? सायकल बिघडली?"

मी नारळ एकेक करून फोनपुढं मांडले. ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. मग म्हणाली, "कुठला कुणाचा?"

"हा मामीचा. हा थोरला मावशीआजीचा. हे दोन आत्याचे, तिला मामीच्या वर राहायचं होतं."

लेक हसायची थांबली. मला वाटलं, झालं, आता गाडीत बसायचं.

"मग? हरले ना मी?"

"आई," ती म्हणाली, "दोन वर्षं झाली, मला इथं वाटेत कुणी अडवलंच नाही गं."

मी थोरला नारळ फोनच्या आणखी जवळ सरकवला.

"येताना एक नारळ घेऊन ये. पहिल्या चढाच्या आधी माझी ओटी भर," ती म्हणाली. "वजन मी वाहीन."